धनुष्य कोण घेऊन देणार?

गरीब वस्तीतल्या पोरांच्या खेळासाठी आणि व्यायामशाळांसाठी सरकारी पैसा येतो. त्यातून भिंती उभ्या राहतात, पाट्या लागतात, फिती कापल्या जातात. पण संध्याकाळी पाच वाजता मैदानावर उभं राहायला माणूस लागतो, त्याचं काय?

जबलपूरमध्ये कुणालाही ‘राणीताल कुठे?’ असं विचारा. तो तलाव दाखवत नाही, स्टेडियम दाखवतो! गोंड राणी दुर्गावतीच्या नावाचा हा तलाव. तिच्या दासीच्या नावाने चेरीताल आणि दिवाण आधारसिंहाच्या नावाने अधारताल, असं इथली जुनी माणसं सांगतात. अधारताल ओलांडून पनागर-कटनीच्या रस्त्याला लागलं की महाराजपूर येतं. १८१७ पर्यंत या भागात नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, त्यामुळे पिढ्यान् पिढ्या इथे रुजलेली मराठी घरंही जबलपुरात पुष्कळ.

दुर्गावती लढता लढता १५६४ मध्ये पडली. ती शस्त्रविद्येत तरबेज होती, असं इतिहास सांगतो. तिच्या नावाच्या त्या जागेवर आज मध्य प्रदेश सरकारची तिरंदाजी अकादमी आहे, हा योगायोग मोठा छान! याच अकादमीत जबलपूरची मुस्कान किरार शिकली. घर साध्या दुकानदाराचं. तिरंदाजीचा वारसा नाही, पैशांचा तर नाहीच नाही. २०१८ मध्ये जाकार्ता इथल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कंपाउंड प्रकारात भारतीय महिला संघाने रौप्यपदक मिळवलं, त्या तिघींमध्ये मुस्कान होती. सोबत ज्योती सुरेखा वेन्नम आणि मधुमिता कुमारी. अंतिम फेरीत बलाढ्य दक्षिण कोरियापुढे भारत २२८-२३१ असा हरला. अवघ्या तीन गुणांनी!

मुस्कानच्या हातात जे धनुष्य होतं, ते बांबूचं नाही. कंपाउंड धनुष्याच्या दोन्ही टोकांना कप्प्या असतात, त्यांवरून दोऱ्या फिरतात. नेम धरायला भिंग, तोल सांभाळायला पुढे लांब दांडी, दोरी सोडायला वेगळं यंत्र. पन्नास मीटरवरच्या लक्ष्याचा वेध घ्यायचा. हे सगळं सामान बहुतांशी परदेशातून येतं आणि त्याच्या सरंजामासकट खर्च दोन-तीन लाखांच्या घरात जातो. बाण वेगळे. ते वाकतात, तुटतात, हरवतात. मूल वाढलं, दंडात बळ आलं की धनुष्याचा ताणही वाढवावा लागतो. म्हणजे एकदा खर्च केला आणि सुटलो, असं नाही.

आता महाराजपूरसारख्या शहराच्या कडेच्या वस्तीत मजुरी करणाऱ्या बापाने हे कुठून आणायचं? सरकारने आणायचं, हे राणीतालचं उत्तर आहे. निवडलेल्या मुलांना अकादमीत राहायला जागा, दोन वेळचं नीट जेवण, प्रशिक्षक आणि साहित्य मिळतं. मध्य प्रदेशाने २००६च्या सुमारास अशा अकादम्यांची वाट धरली. ग्वाल्हेरला मुलींची हॉकी, जबलपूरला तिरंदाजी, भोपाळला इतर अनेक खेळ. हा पैसा खर्च झाला तो मुलांवर, आणि तो दिसतो.

साताऱ्याचं उत्तर

दुसरं उत्तर साताऱ्यात मिळतं. ५ ऑगस्ट २०२३ या दिवशी बर्लिनला जागतिक तिरंदाजी स्पर्धा सुरू होती. महिलांच्या वैयक्तिक कंपाउंड प्रकारात साताऱ्याच्या अदिती स्वामीने मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेर्राला १४९-१४७ असं हरवलं. वय वर्षं सतरा. आदल्याच दिवशी ज्योती सुरेखा आणि परनीत कौर यांच्यासोबत तिने सांघिक सुवर्ण मिळवलं होतं. जागतिक स्पर्धेतलं भारताचं ते पहिलंच सुवर्ण. वैयक्तिक विजेतेपद मिळवणारीही तीच पहिली भारतीय. त्याच दिवशी थोड्याच वेळात नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांमध्ये विश्वविजेता झाला, दीडशेपैकी दीडशे गुण मिळवून! ओजसनेही साताऱ्यातच धडे गिरवले होते.

या दोघांचे गुरू प्रवीण सावंत हे पोलीस खात्यातले. त्यांचं मैदान म्हणजे उसाच्या फडालगतची शेतजमीन. अदितीचे वडील शाळेत गणित शिकवतात. मुलीच्या सरावासाठी त्यांनी गाव सोडून साताऱ्यात बिऱ्हाड केलं. धनुष्यासाठी, बाणांसाठी, स्पर्धांच्या प्रवासासाठी कर्ज काढलं. अशा बापाला सलाम केलाच पाहिजे.

पण सलाम करून झाल्यावर एक बारीकसा हिशेब राहतोच. मास्तरांना दरमहा पगार होता, म्हणून बँकेने कर्ज दिलं. रोजंदारीवर जाणाऱ्याला कोणती बँक मुलीच्या धनुष्यासाठी कर्ज देईल? गुणी पोर मास्तरांच्या घरात जन्मली तर विश्वविजेती होऊ शकते. शेजारच्या पालावर जन्मली, तर तिचा नेम किती अचूक आहे हे तिलाही कधी कळत नाही. सरकारी पैशाची गरज नेमकी इथे लागते.

माणशी किती?

देशात तरुणांसाठी सरकारी यंत्रणा नाही, असं कुणी म्हणू शकणार नाही. उलट ती बरीच जुनी आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. सदतीस विद्यापीठं आणि चाळीस हजार विद्यार्थी, अशी तिची सुरुवात. पण ती कॉलेजात जाणाऱ्यांसाठी होती. कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या खेड्यातल्या तरुणांसाठी १९७२ मध्ये नेहरू युवा केंद्रं निघाली. स्वातंत्र्याचं ते रौप्यमहोत्सवी वर्ष. गावोगावी युवक मंडळं, युवती मंडळं उभी राहिली. कॅरमबोर्ड, व्हॉलीबॉलचं जाळं, श्रमदान, पथनाट्य आणि तालुक्याच्या स्पर्धा. आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कितीतरी कार्यकर्त्यांच्या, सरपंचांच्या बोलण्यात ‘आमचं मंडळ’ येतं ते हेच. राष्ट्रीय युवा धोरणं तीन झाली, १९८८, २००३ आणि २०१४ मध्ये. शेवटच्या धोरणाने पंधरा ते एकोणतीस या वयाला ‘युवा’ म्हटलं. ३१ ऑक्टोबर २०२३ पासून ‘मेरा युवा भारत’ नावाचं नवं छत्र आलं.

मग पैसा किती? केंद्राच्या युवक कल्याण आणि क्रीडा मंत्रालयाला २०२५-२६च्या अर्थसंकल्पात सुमारे ३,७९४ कोटी रुपये ठेवले गेले. त्यातले १,००० कोटी ‘खेलो इंडिया’ला. आकडा ऐकायला भारदस्त आहे. पण देशात पंधरा ते एकोणतीस वयाची माणसं आहेत सदतीस कोटींच्या वर. भागाकार केला तर खेलो इंडियाचे माणशी सत्तावीस रुपये येतात. वर्षाला! सबंध मंत्रालयाचे धरले तरी शंभर-सव्वाशेच्या आत. राज्य सरकारं, महापालिका, जिल्हा परिषदा यांचा खर्च वेगळा, हे खरं. तरीही वर्षाकाठी माणशी शंभर रुपयांत तरुणाईचं कल्याण करायला निघालेला हा संसार आहे. तेव्हा ज्या थोड्या पोरांपर्यंत तो पोचतो ती कोण आणि त्यांच्यापर्यंत तो कुठल्या रूपात पोचतो, याला फार महत्त्व येतं.

मैदानाला लाख, माणसाला पाचशे

२००८-०९ मध्ये केंद्राने ‘पंचायत युवा क्रीडा और खेल अभियान’ आणलं. लोकांच्या तोंडी ते ‘पायका’ झालं. कल्पना उत्तम होती. प्रत्येक ग्रामपंचायतीला मैदानासाठी एकरकमी एक लाख रुपये, तालुका पातळीवर पाच लाख. दरवर्षी साहित्यासाठी थोडी रक्कम. आणि मैदानावर पोरांना खेळवायला गावातलाच एक माणूस, त्याचं नाव ‘क्रीडाश्री’. नाव किती सुंदर! मानधन मात्र महिन्याला पाचशे रुपये. म्हणजे दिवसाला साडेसोळा रुपये. शेतावर एक दिवस मजुरीला गेलं तरी कितीतरी जास्त मिळायचं. क्रीडाश्री मैदानावर किती दिवस टिकणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

२०१४ मध्ये या योजनेच्या जागी राजीव गांधी खेल अभियान आलं. तिथे रोख खेड्यातल्या मैदानाकडून तालुक्याच्या संकुलाकडे वळला, एका संकुलाला एक कोटी साठ लाखांचा आराखडा. दोनेक वर्षांत तेही खेलो इंडियात विलीन झालं. पाटी बदलली की रंगही बदलतो, फाईलही बदलते. आधीच्या योजनेत सपाट केलेल्या मैदानावर मात्र पावसाळ्यात गवत वाढतच राहतं.

महाराष्ट्राची गोष्ट फार निराळी नाही. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने पुण्यात बालेवाडीची शिवछत्रपती क्रीडानगरी उभी राहिली. १९९६ मध्ये क्रीडा प्रबोधिनी सुरू झाल्या. राज्यभरातून चपळ मुलं लहान वयात हेरायची आणि त्यांना वसतिगृहात ठेवून शिकवायचं, अशी ही योजना. मग जिल्हा आणि तालुका क्रीडासंकुलांचा धडाका आला. तालुका संकुलाच्या अनुदानाची मर्यादा २०२२ मध्ये एक कोटीवरून पाच कोटींवर नेण्यात आली. यात वाईट काहीच नाही. संकुल हवंच. पण तालुक्याचं संकुल वाडीवस्तीपासून वीस-वीस किलोमीटर लांब असतं. शेवटची एसटी साडेसहाची असेल, तर नववीतली मुलगी सातच्या सरावाला थांबणार कशी?

सरकारी पैशाला बांधकाम का आवडतं, हेही समजून घ्यायला हवं. बांधकामाचं अंदाजपत्रक होतं, तांत्रिक मंजुरी होते, निविदा निघते, मोजमाप वहीत लिहिलं जातं आणि ३१ मार्चच्या आत बिल निघतं. खर्च झाला याचा पुरावा डोळ्यांना दिसतो. उद्घाटनाला पाहुणे येतात. प्रशिक्षकाचा पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो, दहा-दहा वर्षं द्यावा लागतो आणि त्याची फीत कापता येत नाही! त्याने शिकवलेली मुलगी पदक आणेपर्यंत दोन निवडणुका होऊन गेलेल्या असतात. लेखापरीक्षकालाही वजनं, जाळी आणि दिवे मोजता येतात. रोज संध्याकाळी चाळीस पोरं गुटख्याच्या टपरीऐवजी मैदानावर होती, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

म्हणून तर २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या ‘राष्ट्रीय युवा कोर’च्या स्वयंसेवकालाही सुरुवातीला महिना अडीच हजार, नंतर पाच हजार मानधन आणि मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. वस्तीतल्या पोरांचा त्याच्यावर विश्वास बसतो न बसतो, तोच त्याची मुदत संपते. मग नवा स्वयंसेवक येतो आणि ओळखीपासून सुरुवात होते.

खेलो इंडियाने यात थोडी सुधारणा केली, हे मान्य करायला हवं. जिल्ह्यांमध्ये हजाराहून अधिक छोटी केंद्रं मंजूर झाली. तिथे शिकवायला त्या खेळातला पूर्वीचा विजेता खेळाडू नेमायचा. एका खेळासाठी सुरुवातीला पाच लाख आणि पुढे दरवर्षी चालू खर्चाला मदत, त्यातच प्रशिक्षकाचं मानधन धरलेलं. एकेकाळी राष्ट्रीय पदकं मिळवून पुढे चहाच्या गाडीवर उभं राहावं लागलेल्या खेळाडूंच्या बातम्या वाचून हळहळणाऱ्या वाचकांना ही कल्पना पटेल. निवडक खेळाडूंना वर्षाला पाच लाखांपर्यंतचं साहाय्य आठ वर्षं, शिवाय महिन्याला दहा हजार हातखर्चाला. पण हे निवडक. शाळेत खेळाचा तासच गणिताच्या मास्तरांनी घेतला, तर निवड होण्यापर्यंत पोर पोचणार कसं, हा प्रश्न पुन्हा वस्तीत येऊन थांबतो.

दोन खांब आणि सारिका

खो-खोला दोन खांब आणि एक मैदान पुरतं. बूट नसले तरी चालतं. म्हणूनच हा खेळ मराठवाड्यातल्या दुष्काळी गावांत टिकला. धाराशिवची सारिका काळे या मैदानावर वाढली. वयाच्या तेराव्या वर्षी मामाबरोबर ती मैदानावर आली. घरची ओढाताण अशी, की जवळजवळ दहा वर्षं दिवसातून एकदाच जेवून तिने खेळ केला, हे तिने स्वतःच सांगितलं आहे. २०१६च्या गुवाहाटीतल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत ती भारताची कर्णधार होती आणि संघ सुवर्ण घेऊन आला. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या वेळी ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होती. खेळाडूंना मिळणाऱ्या सरकारी नोकरीचा हा खरा अर्थ. एकवेळ जेवून खेळलेली बाई ज्या खुर्चीत बसते, तिथे मैदानाचा अर्ज आला तर तिला तो समजावून सांगावा लागत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, मुलींची प्रियांका इंगळे आणि मुलांचा प्रतीक वाईकर. त्याच्या दोन वर्षं आधी, २०२३च्या जानेवारी-फेब्रुवारीत खेलो इंडिया युवा स्पर्धा मध्य प्रदेशात भरल्या होत्या. जबलपूरलाही तिरंदाजी, खो-खो असे खेळ रंगले. पदकतालिकेत महाराष्ट्र पहिला आला, १६१ पदकं, त्यांत ५६ सुवर्ण. यजमान मध्य प्रदेश ९६ पदकांसह तिसरा. जबलपूरच्या मराठी मंडळींना त्या दिवसांत कुणाच्या बाजूने टाळ्या वाजवाव्यात असा गोड पेच पडला असणार!

आश्रमशाळांची पोरं घेतली तर गोष्ट थेट हिमालयात जाते. तेलंगणात समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळेत शिकणाऱ्या मालावत पूर्णाने २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्ट सर केलं, चौदावं वर्ष पुरं व्हायच्या आत. ते पाहून चंद्रपूर जिल्हा प्रशासन आणि महाराष्ट्राचा आदिवासी विकास विभाग यांनी ‘मिशन शौर्य’ हाती घेतलं. जिवती, देवाडा, बोर्डा इथल्या शासकीय आश्रमशाळांमधली मुलं निवडली, त्यांना टप्प्याटप्प्याने कडे चढायला आणि बर्फात राहायला शिकवलं. मे २०१८ मध्ये दहा जण मोहिमेवर गेले आणि मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काठमोडे आणि विकास सोयाम हे पाच जण शिखरावर पोचले. ज्या आश्रमशाळांचं नाव वर्तमानपत्रात एरवी सर्पदंश आणि निकृष्ट जेवण यांसाठीच यायचं, त्या पहिल्या पानावर आल्या. सरकारने मनात आणलं तर माणसावर पैसा खर्च करता येतो, हे त्या मोहिमेने दाखवलं. हेही खरं, की दहा मुलांना एव्हरेस्टवर नेणं सोपं असतं. शेकडो आश्रमशाळांमध्ये रोज खेळाचे शिक्षक हजर ठेवणं हे त्याहून उंच शिखर आहे.

क्लब बंद केल्यावर काय झालं?

‘पोटाला नाही तिथे खेळ कसले?’ असं म्हणणारेही पुष्कळ आहेत. त्यांनी लंडनकडे पाहावं. इंग्लंडात १९६०च्या एका सरकारी अहवालानंतर वस्त्यावस्त्यांत तरुणांचे क्लब उभे राहिले. शाळा सुटल्यावर पोरांनी यावं, टेबल टेनिस खेळावं, गाणं-बजावणं करावं, एखाद्या समजूतदार मोठ्या माणसाशी बोलावं, इतकंच. २०१० नंतर काटकसरीच्या नावाखाली स्थानिक संस्थांनी हा खर्च सत्तर टक्क्यांहून अधिक कापला. लंडनमधले जवळजवळ तीस टक्के क्लब २०१९ पर्यंत बंद पडले. तिथल्या एका नामांकित अर्थसंशोधन संस्थेने २०२४ मध्ये याचा हिशेब मांडला. ज्या पोरांच्या जवळचा क्लब बंद झाला, त्यांचे परीक्षेतले गुण घसरले आणि गुन्ह्यात सापडण्याचं प्रमाण चौदा टक्क्यांनी वाढलं. क्लब बंद करून एक पौंड वाचवला, तर समाजाला त्याची किंमत तीन पौंडांच्या आसपास पडली. पोलीस, कोर्ट, तुरुंग, बुडालेली कमाई, सगळं धरून.

आइसलंडची हकिकत याच्या उलट. तिथे १९९८ मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी बेचाळीस टक्के मुलं महिन्याभरात एकदा तरी झिंगेपर्यंत प्यायची. सरकारने आणि पालकांनी मिळून पोरांच्या संध्याकाळी भरून काढायचं ठरवलं. खेळ, संगीत, नाच, चित्रकला यांचे वर्ग वाढवले, तिथे मोठ्यांना शिकवायला ठेवलं, राजधानीत तर मुलाच्या नावाने या वर्गांच्या फीसाठी पैसे दिले. २०१६ पर्यंत बेचाळीसचे पाच टक्के झाले! आइसलंड म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याएवढ्या लोकसंख्येचा देश, त्यामुळे तुलना फार ताणू नये. पण तिथेही गुण आला तो इमारतींमुळे नाही, तिथे रोज उभ्या राहणाऱ्या माणसांमुळे.

खरं तर मराठी मुलखाला हे परक्याकडून शिकायची गरज नव्हती. कोल्हापूरच्या पेठापेठांतल्या तालमी म्हणजे आणखी काय? तिथे वस्ताद असायचा. राजर्षी शाहूंनी पैलवानांना खुराक दिला, खासबागेचं मैदान बांधलं. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान आखाडा सुरू केला. त्यातून वाढलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. तालमीचं छप्पर गळकं असलं तरी चालायचं, वस्ताद चांगला हवा. आजच्या अनुदानित व्यायामशाळेत यंत्रं चकचकीत असतात, वस्तादाची जागा मंजूरच नसते. आणि मुलींची वेळ? ती पाटीवरही लिहिलेली नसते.

मागायचं कसं?

वस्तीतल्या मंडळाला सरकारी पैसा हवा असेल, तर आधी मंडळ नोंदलेलं हवं. महाराष्ट्रात १८६०चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५०चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा यांखाली, मध्य प्रदेशात १९७३च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली. हिशेब दरवर्षी तपासून घेतलेले हवेत. नव्याण्णव अर्ज इथेच अडकतात असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. दुसरी अडचण जागेची. अनुदानाला जागा संस्थेच्या नावावर किंवा लांब मुदतीच्या कराराने लागते आणि झोपडपट्टीतल्या मंडळाकडे नेमकी तीच नसते. यावर एक वाट म्हणजे ग्रामपंचायतीने किंवा पालिकेने आपल्या जागेवर आपल्या नावाने प्रस्ताव करायचा आणि चालवायला मंडळाकडे द्यायचं. दलित वस्ती सुधार योजनेतून बांधलेली समाजमंदिरं कितीतरी गावांत वर्षातले चार दिवस सोडले तर कुलूपबंद असतात. त्यांच्या किल्ल्या मिळाल्या तरी अभ्यासिका आणि कॅरमची सोय उद्यापासून होते, नवी वीट न लावता.

महाराष्ट्रात क्रीडाविषयक अर्ज जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडे जातो, पैसा बहुधा जिल्हा नियोजन समितीकडून येतो. अनुसूचित जाती आणि आदिवासी उपयोजनेत वेगळी तरतूद असते, ती मागावी लागते. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी आणि दहा टक्के महिला-बालकल्याणासाठी खर्चायचे असतात, हे पुष्कळ तरुणांच्या गावीही नसतं. पंधरा टक्क्यांत दरवर्षी सतरंज्या आणि भांडीच का येतात, मुलींना कबड्डी शिकवायला एखादी ताई मानधनावर का ठेवता येत नाही, हे ग्रामसभेत उभं राहून विचारायला हवं. ‘नियमात बसत नाही’ असं उत्तर आलं, तर तो नियम लेखी मागावा.

आणि प्रस्तावात भिंतीआधी माणूस लिहावा. कोण शिकवणार, किती वाजता, मुलींची वेळ कोणती, वीजबिल कुणी भरायचं, मैदानाला कुंपण घातलं तर किल्ली कुणाकडे. मंजूर झालेले पैसे कुठे गेले हे कळेनासं झालं, तर २००५चा माहिती अधिकार कायदा आहे. केंद्र सरकारच्या आणि महाराष्ट्राच्या कार्यालयांत त्याच्या अर्जाला दहा रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाहीत.